घसा बसतो तेव्हा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त तात्यापारा, रायपूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या इमारतीविषयी, निकालांविषयी आणि शाळेने घडविलेल्या माणसांविषयी बोलावे अशी रीत आहे, आणि ते सारे यथायोग्य बोलून झाले आहे. आजचा विषय वरवर पाहता दवाखान्यातला वाटेल. पण शाळा ज्या साधनावर चालते, त्या साधनाविषयीचाच तो आहे. फळे बदलतात, बाके बदलतात, पाठ्यपुस्तके तर दर काही वर्षांनी बदलतात. वर्गात उभे राहून बोलणाऱ्या शिक्षकाचा आवाज मात्र साठ वर्षे तेच काम करीत आला आहे. शाळेच्या अंदाजपत्रकात ज्याच्या देखभालीची तरतूद कधीच नसते, असे साधनही बहुधा हे एकच.

रायपूरसारख्या शहरातील मराठी शाळेत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. पुण्या-नागपुरातील मुलाच्या कानावर मराठी रस्त्यातून, बाजारातून, शेजारच्या खिडकीतून पडत असते. तात्यापाऱ्यातील मूल घराचा उंबरा ओलांडून बाहेर पडले, की हिंदी आणि छत्तीसगढीच्या राज्यात जाते. त्याच्या वाट्याला येणारी मराठी असते ती आजीची, आईची आणि शिक्षकांची. ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला, ‘ण’ आणि ‘न’ यांतला भेद ते पुस्तकातून शिकत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडून उचलते. ज्या वर्षी बाईंचा घसा सहा महिने बसलेला असतो, त्या वर्षी त्या वर्गाने कवितेची चाल नीट ऐकलेलीच नसते.

घसा बसणे ही इतकी परिचयाची गोष्ट आहे, की तिला आजार म्हणावे असे कुणाला वाटत नाही. घरोघरी तिचे उपचार ठरलेले असतात. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळद घातलेले दूध, ज्येष्ठमधाची कांडी, जिला इकडे सारे मुलेठीच म्हणतात, आणि खडीसाखर. सर्दीपडशाने बसलेला घसा सात-आठ दिवसांत, फार तर पंधरवड्यात आपोआप सुटतो आणि श्रेय त्या त्या घरच्या उपचाराला मिळते. यात बिघडत काही नाही. (ज्येष्ठमध महिनोन्‌महिने चघळल्यास रक्तदाब वाढू शकतो, एवढे मात्र रक्तदाबाच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावे.) बिघडते ते पुढे. तीन आठवडे झाले, महिना झाला, दोन महिने झाले, तरी तीच कांडी आणि त्याच गुळण्या चालू राहतात, आणि ‘बाईंचा आवाजच तसा आहे’ असे सर्वांनी मान्य करून टाकलेले असते.

घोगरेपणा हे रोगाचे नाव नाही. ते लक्षण आहे, जसा ताप हे लक्षण आहे. सर्दीने सुजलेले स्वरतंतू, ओरडून पडलेल्या गाठी, तंबाखूने आलेली सूज, नस निकामी झाल्याने एका बाजूला थबकलेला स्वरतंतू, क्षयाचा व्रण आणि कर्करोगाचा पहिला अंकुर, हे सारे कानाला जवळजवळ सारखेच ऐकू येऊ शकतात. अनुभवी तज्ज्ञाचा कानही यांत फसतो. म्हणून तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ आवाज बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहून घ्यावे. आजच्या सगळ्या बोलण्यातली एवढी गोष्ट घरी नेली, तरी पुष्कळ झाले.

आता ‘पाहून घ्यावे’ म्हणजे काय, हे सांगायचे तर स्वरयंत्राची थोडी ओळख हवी. गळ्यावर पुढच्या बाजूस जो कंठमणी हाताला लागतो, त्याच्या आत दोन स्वरतंतू आडवे बसविलेले आहेत. तंतू हे नाव थोडे फसवे आहे. त्या तारा नव्हेत. स्नायूवर मऊ, ओलसर अस्तर चढविलेल्या दोन घड्या आहेत. स्त्रियांत त्यांची लांबी साधारण सव्वा ते पावणेदोन सेंटीमीटर, पुरुषांत पावणेदोन ते अडीच सेंटीमीटर. श्वास घेताना त्या दूर होतात, बोलताना जवळ येतात आणि खालून येणाऱ्या हवेने कंप पावतात. पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास, आणि लहान मुलांत त्याहूनही अधिक. शिक्षिकांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. दिवसाच्या पाच तासिका, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या, आणि त्यांतला निम्मा वेळ जरी प्रत्यक्ष आवाज निघाला असे धरले, तरी दिवसाकाठी या दोन चिमुकल्या घड्या एकमेकींवर दहा लाखांहून अधिक वेळा आपटतात. टाळ्या वाजवून तळहात लाल होतात, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. तळहाताची कातडी तर जाड असते.

याच रचनेतून दुसरी एक गोष्ट उघड होते. गिळलेला कोणताही पदार्थ स्वरतंतूंना शिवत नाही. तो मागच्या अन्ननलिकेतून खाली जातो. चुकून स्वरतंतूंना शिवलाच, तर जोराचा ठसका लागतो. गुळणी तर पडजिभेच्या पुढे जातच नाही. म्हणजे मध, काढा, गोळी, गुळणी यांनी घशाला आराम वाटेल, तो खराही असेल, पण स्वरतंतूंवरची गाठ त्यांनी विरघळत नाही. तेथवर थेट पोहोचते ती श्वासातून जाणारी वाफ. पाणी पोहोचते तेही रक्तावाटे, म्हणून दिवसभर थोडे थोडे प्यावे लागते. तासिका संपल्यावर एकदम तांब्याभर प्यायल्याने ते साधत नाही.

स्वरयंत्र गळ्यात इतके खोल, जिभेच्या मुळाशी वळण घेऊन दडलेले आहे, की शतकानुशतके जिवंत माणसाचे चालते स्वरतंतू कुणी नीट पाहू शकले नव्हते. ते पाहिले एका गाणे शिकविणाऱ्या मास्तराने, आणि शाळेच्या व्यासपीठावरून ही हकीकत सांगण्यात विशेष आनंद आहे. मान्वेल गार्सिया हा स्पॅनिश गायकांच्या घराण्यातला. तो लंडनमध्ये गायन शिकवी. शिष्यांना आवाज कसा लावावा हे सांगताना, आवाज नेमका लागतो कसा हे आपल्याला ठाऊक नाही, याची टोचणी त्याला होती. १८५४ साली पॅरिसमध्ये असताना त्याला कल्पना सुचली. दातांच्या वैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा त्याने कोमट केला, म्हणजे श्वासाने त्यावर वाफ धरू नये. तो त्याने स्वतःच्या घशात मागे टेकवला, दुसऱ्या हातातील आरशाने सूर्यप्रकाश त्यावर पाडला, आणि स्वतःचे स्वरतंतू उघडताना-मिटताना पाहिले. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. मग वैद्यांनी ते तंत्र उचलले, आणि घशाच्या विकारांचे एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. गार्सिया १८०५ साली जन्मला आणि १९०६ साली गेला. म्हणजे आपल्या आरशाचे पुढे काय काय झाले, हे पाहावयास तो पुरेपूर जगला.

त्यापूर्वी आपल्याकडे या विषयाचा विचार झाला नव्हता असे नाही. सुश्रुताने आवाजाच्या विकाराला ‘स्वरभेद’ असे नाव देऊन त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक क्षयातून होणारा आहे, आणि क्षयाने स्वरयंत्र बाधते हे आजही खरे आहे. कारणांत त्याने फार मोठ्याने बोलणे सांगितले आहे, आणि अध्ययनही सांगितले आहे. अध्ययन म्हणजे अर्थात त्या काळचे, मोठ्याने पाठ म्हणण्याचे. गुरुकुलातील बसलेले घसे सुश्रुताने पाहिले असले पाहिजेत! पुढे तेराव्या शतकात, देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हा पंडित राज्याचा हिशेब सांभाळी आणि वैद्यकही जाणे. त्याने आवाजाचे खाहुल, नाराट, बोम्बक आणि मिश्रक असे चार भेद केले. पहिल्या तिघांचे नाते कफ, पित्त आणि वात यांच्याशी जोडले. शिवाय आवाजाचे गुण आणि दोष वेगळे सांगितले. इतक्या बारकाईने ऐकणारी माणसे या मातीत होऊन गेली. पण ती ऐकत होती. आत पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. आज ते आहे, आणि तरीही घसा केवळ ऐकून ‘काही नाही, सर्दी आहे’ असे म्हणून मोकळे होणे, हे त्या पूर्वजांवरही अन्याय करणारे आहे.

आजची तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. काही ठिकाणी अजून गार्सियाचाच कोनातला आरसा वापरतात, आणि जाणत्या हातात तो उत्तम काम देतो. बहुतेक ठिकाणी नाकातून एक बारीक लवचिक दुर्बीण सरकवतात किंवा तोंडातून कडक दुर्बीण घालून ‘ई’ म्हणावयास सांगतात. भूल द्यावी लागत नाही. फवाऱ्याने घसा थोडा बधिर करतात. स्वरतंतूंचा कंप डोळ्यांना दिसण्याच्या पलीकडे जलद असतो, म्हणून स्ट्रोबोस्कोप नावाच्या यंत्राने लुकलुकता प्रकाश टाकून तो संथ केल्यासारखा दाखवितात. जत्रेतला पाळणा थांबवून त्याचा प्रत्येक पाट पाहावा, तसे ते आहे. या तपासणीची भीती बाळगण्याजोगे काही नाही. तिला पर्याय म्हणून प्रतिजैविकांचा एक कोर्स घेऊन पाहण्याची जी पद्धत आहे, ती मात्र टाळावी. साध्या घसा बसण्यात कारण बहुधा विषाणू असतो आणि त्यावर ती औषधे चालत नाहीत.

शिक्षकांच्या घशात पाहिल्यावर फार वेळा दिसतात त्या गाठी. दोन्ही स्वरतंतूंवर, समोरासमोर, पुढचा एक तृतीयांश भाग जेथे संपतो नेमक्या त्या ठिकाणी. कारण आपटण्याचा जोर तेथे सर्वाधिक असतो. कुदळ धरणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात, त्याच जातीचे हे घट्टे. सकाळी आवाज बरा असतो, चौथ्या तासिकेला फाटतो, रविवारी सुधारतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळजवळ पूर्ववत होतो. स्त्रियांचे स्वरतंतू आखूड आणि त्यांचा कंप अधिक, म्हणून हा त्रास शिक्षिकांना अधिक होतो. यात धास्ती घेण्यासारखे काही नाही, पण सोडून देण्यासारखेही नाही.

गाठींचे खरे कारण बहुतेक वेळा वर्गाच्या खिडकीबाहेर असते. एतिएन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली दाखवून दिले, की भोवतीचा गलबला वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवितो. ठरवूनही त्याला तो सहज आवरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार शिकविणे चालू असताना वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये. भर वस्तीतल्या, चौकालगतच्या शाळेत, डोक्यावर खडखडणारा पंखा आणि शेजारी चाललेला पाढ्यांचा घोष असताना हा आकडा हास्यास्पद वाटतो. शिक्षिका त्या साऱ्यावर आवाज चढवितात, मग मुले चढवितात, मग शिक्षिका पुन्हा. ‘वर्गावर पकड आहे’ असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, त्यांतल्या कित्येकांनी ती पकड घशाची किंमत देऊन मिळविलेली असते. अध्यापक विद्यालयांत फळ्यावरच्या अक्षराला गुण देतात. आवाजाच्या निगेला मात्र फारशी जागा मिळत नाही. कमरेला अडकवण्याचा छोटा ध्वनिवर्धक आज सहज मिळतो, आणि तो वापरणे म्हणजे आवाज कमी पडल्याची कबुली, हा समज काढून टाकावा. माजी विद्यार्थी शाळेला काय द्यावे असे विचारतात. नावाची संगमरवरी पाटी देण्यापेक्षा दर वर्गाला एक ध्वनिवर्धक आणि न खडखडणारा पंखा दिला, तर मागे बसलेल्या मुलाला कविता ऐकू येईल.

गाठींवरचा पहिला उपचार शस्त्रक्रिया नाही. तो आहे वाचा-उपचार, म्हणजे बोलण्याची पद्धत बदलणे. छातीच्या वरच्या भागातून तुटक श्वास घेऊन गळा आवळून बोलण्याऐवजी पोटाच्या आधाराने, वाक्याच्या मधे श्वास घेत बोलणे. पाण्यात बुडविलेल्या नळीतून हळू फुंकत सूर काढणे, ज्याने स्वरतंतूंवरचा मार कमी होतो. मुलांना शांत करण्यासाठी ओरडण्याऐवजी टाळी वा घंटी वापरणे. सहा-आठ आठवडे नेमाने केले, की बहुतेकांना फरक पडतो. खाकरण्याची सवय मोडणे सर्वांत अवघड, कारण खाकरणे म्हणजे दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर दाणकन आपटणे, आणि ते दिवसातून शेकडो वेळा नकळत होत असते. घसा बसलेला असताना कुजबुजून बोलणे हाही विश्रांतीचा मार्ग नाही. जोर लावून केलेल्या कुजबुजीत घशाचे स्नायू अधिकच आवळले जातात. बोलायचे तर हळू, नैसर्गिक आवाजात बोलावे, नाहीतर गप्प राहावे. शस्त्रक्रिया लागते ती मुख्यतः पॉलिप झाला असल्यास, म्हणजे एखादे वेळी जोरात ओरडल्याने बारीक रक्तवाहिनी फुटून एका बाजूस फुगा आला असल्यास. त्यानंतरही वाचा-उपचार चुकत नाहीत. एरवी जुन्या सवयी फुगा पुन्हा आणतात.

महाराष्ट्रात या विद्येची पायाभरणी गायकांनी केली. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली मुंबईत संगीत विद्यालय काढले, पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला, आणि आवाज जोपासण्याच्या शास्त्रात आयुष्यभर रस घेतला. त्यांच्याकडून ती दृष्टी डॉ. अशोक दा. रानडे यांनी उचलली आणि रंगभूमीवरच्या नटांपर्यंत नेली. देवधरांचेच शिष्य कुमार गंधर्व. क्षयाने त्यांचे फुप्फुस निकामी केले, १९४८ साली ते हवापालटासाठी देवासला गेले, आणि काही वर्षे गाणे बंद राहिले. त्यांचा घसा शाबूत होता. आवाजाला लागणारी हवाच कमी पडली होती. पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्यांनी आहे त्या श्वासात बसेल असे गाणे घडविले. आवाज केवळ गळ्यात नसतो, याचे याहून मोठे उदाहरण शोधावे लागणार नाही. किशोरी आमोणकरांनीही तारुण्यात सुमारे दोन वर्षे आवाज गमावला होता आणि आयुर्वेदिक उपचारांनंतर त्या पुन्हा गाऊ लागल्या. ही हकीकत सांगून पुष्कळ जण तपासणी टाळतात. एका थोर गायिकेचा अनुभव हा दुसऱ्याच्या न पाहिलेल्या घशावरचा उपाय होऊ शकत नाही. उपचार कोणत्याही पद्धतीचा घ्यावा. आधी निदान व्हावे.

आता मुलांविषयी. मैदानावर ओरडणाऱ्या मुलांनाही गाठी होतात आणि त्या बहुधा वयात येताना आपोआप जातात. त्यांच्यावर शस्त्रक्रियेची घाई करू नये. सतत मोठ्याने बोलणाऱ्या मुलाचे कान मात्र एकदा तपासून घ्यावेत. कमी ऐकू येणारे मूल मोठ्याने बोलते, आणि आपण त्याला ‘हळू बोल’ म्हणून दटावत राहतो. घोगरेपणा वाढतच चालला असेल आणि श्वास घेताना आवाज येत असेल, तर एक दिवसही थांबू नये. स्वरयंत्रात मस्से वाढून श्वासमार्ग अरुंद होण्याचा एक विकार मुलांत आढळतो. ताप येऊन घसा दुखत असेल, गिळता येत नसेल, तर तेही अंगावर काढू नये. विशिष्ट जिवाणूंमुळे होणाऱ्या घसादुखीवर वेळीच पूर्ण औषध न मिळाल्यास पुढे सांधे धरतात आणि हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. घटसर्पाची लस पहिल्या वर्षातच संपते असे समजणाऱ्या पालकांनी शाळेच्या वयातील मात्रांची नोंद पाहून ठेवावी.

मुलग्यांचा कंठ फुटतो तो काळ शिक्षकांनी आणि पालकांनी जपावा. साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांबतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मधल्या काही महिन्यांत तो कधी वर, कधी खाली फाटतो. वर्ग हसतो, तो मुलगा प्रकट वाचनाला उठेनासा होतो. बहुतेकांचे हे वर्षभरात मार्गी लागते. पण काही मुलांत शरीर पूर्ण वाढूनही आवाज लहानपणच्याच उंच पट्टीत राहतो. मिसरूड फुटलेली असते, आणि फोनवर पलीकडून ‘मॅडम’ असे संबोधन येते. असा मुलगा महाविद्यालयात तोंडी परीक्षा टाळतो, मुलाखत टाळतो, घरीही कमी बोलू लागतो. वडील त्याला पुरुषासारखे बोल म्हणतात, आणि आई नवस बोलते. वास्तविक या मुलांचे स्वरयंत्र बहुधा पूर्ण पुरुषाचेच असते. वापरण्याची सवय मात्र जुनी राहिलेली असते. तज्ज्ञ एकदा तपासून खात्री करतात, मग वाचा-उपचारक त्याला खोकावयास सांगतो, कंठमणी बोटाने किंचित खाली दाबून हुंकार काढावयास लावतो, आणि त्या हुंकारातून खालचा आवाज सापडतो. पुष्कळदा थोड्याच बैठकांत तो स्थिरावतो. इतक्या सोप्या उपचारासाठी मुले दहा-दहा वर्षे गप्प राहतात, ती केवळ हा विकार आहे आणि तो बरा होतो हे कुणी सांगितले नाही म्हणून. शाळेने हे नववीच्या पालकसभेत सांगितलेच पाहिजे. ज्या माजी विद्यार्थ्यांनी आजवर मौन बाळगले असेल, त्यांनाही उशीर झालेला नाही. मोठ्या वयातही हा उपचार लागू पडतो.

राहिली तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात छत्तीसगडमधील प्रौढांत तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण ३९.१ टक्के आढळले. देशाचे प्रमाण २८.६ टक्के होते. गुटखा आणि खैनी यांविषयी बोलले जाते, पण गुडाखूविषयी बोलले जात नाही, कारण ती दात घासण्याची वस्तू समजली जाते आणि घरातल्या स्त्रियाही ती सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना चोळतात. ती गुळात कालवलेली तंबाखूच आहे. चघळण्या-चोळण्याच्या तंबाखूचा घाला मुख्यतः तोंडावर आणि अन्ननलिकेवर पडतो, विडी-सिगारेटचा स्वरयंत्रावर. स्वरतंतूवरचा कर्करोग एका बाबतीत बराच प्रामाणिक आहे. तो अगदी लहान असतानाच आवाज बिघडवून वर्दी देतो. त्या अवस्थेत किरणोपचाराने किंवा लेसर शस्त्रक्रियेने दहांतील सुमारे नऊ रुग्ण बरे होतात आणि त्यांचा आवाजही टिकतो. विडी ओढणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाचा घसा महिनाभर बसला आणि घरच्यांनी मुलेठी दिली, की ती वर्दी वाया जाते. वर्षभराने तोच माणूस श्वास कोंडल्यामुळे रुग्णालयात येतो, तेव्हा संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागते आणि गळ्यावरच्या छिद्रातून श्वास घ्यावा लागतो.

तशा माणसालाही पुन्हा बोलता येते. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांमधील भिंतीत एक लहानशी झडप बसवितात. छिद्र बोटाने झाकले, की हवा त्या झडपेतून वर जाते आणि घशाचे अस्तर कंप पावून आवाज निघतो. परदेशी झडपेची किंमत हजारांत जाते. बेंगळुरूचे कर्करोगशल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी अशी झडप सुमारे ५० रुपयांत तयार करून दाखविली.

कधी कधी बसलेल्या आवाजाचे मूळ गळ्यात नसतेच. डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरून हृदयाजवळच्या महारोहिणीला वळसा घालून पुन्हा वर येते. त्यामुळे फुप्फुसातील वा छातीतील गाठ प्रथम आवाजातून बोलते. थायरॉइडची शस्त्रक्रिया, थायरॉइडची मंदता, रात्री उशिरा जेवून लगेच आडवे झाल्याने घशापर्यंत येणारे आम्लपित्त, यांचाही शोध घ्यावा लागतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना काही गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: आवाज केव्हापासून बसला, एकदम की हळूहळू, सुट्टीच्या दिवशी सुधारतो का, गिळताना वा श्वास घेताना त्रास होतो का, वजन घटले का, थुंकीतून रक्त पडले का, कोणती औषधे चालू आहेत. तंबाखूचा खरा हिशेबही लिहावा, आणि तो लिहिताना घरातील मंडळी जवळ नसलेली बरी.

रायपुरात यासाठी दूर जावे लागत नाही. टाटीबंधच्या एम्समध्ये आणि डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात, ज्याला सारे गाव मेकाहारा म्हणते, कान-नाक-घसा विभाग आहेत, आणि मेकाहारात कर्करोगाचा विभागही आहे. दोन्ही ठिकाणी गर्दी फार असते. सकाळी लवकर जावे, आणि रांगेत ओळखीचे कुणी भेटले तरी शक्यतो बोलू नये.